एका विनाशुल्क पदवीचे मोल

उच्च शिक्षणावरील सरकारी खर्च उत्पादक की अनुत्पादक, हा वाद अर्थसंकल्पाच्या दिवसांत हटकून रंगतो. वर्गात हा प्रश्न निघाला म्हणजे प्रस्तुत लेखक आकडेवारी बाजूस ठेवून एका औषधसंशोधक स्त्रीचे चरित्र सांगतो.

गर्ट्रूड एलियन यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील लिथुएनियातून आलेले दंतवैद्य. गाठीला बांधलेले चार पैसे १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत गेले. १९३३ साली कन्या महाविद्यालयात जाण्याजोगी झाली, तेव्हा शुल्क भरण्याची घरची ऐपत नव्हती. शहराचे हंटर कॉलेज मुलींना विनाशुल्क शिकवीत असे, म्हणूनच त्या शिकू शकल्या. आजोबांचा जठराच्या कर्करोगाने झालेला मृत्यू त्यांनी नुकताच पाहिला होता. विषय निवडला तो रसायनशास्त्र.

१९३७ मध्ये उत्तम श्रेणीत पदवी मिळाली, नोकरी मात्र मिळेना. मंदी होतीच, त्यात प्रयोगशाळेत स्त्री नको, हा अलिखित दंडक. त्यांनी परिचारिकांना शिकविले, एका प्रयोगशाळेत आरंभी बिनपगारी काम केले, शाळेत शिकवीत १९४१ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लोणच्याची आंबटाई तपासली. त्याच १९४१ मध्ये त्यांचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने दगावला. पेनिसिलीन हाती यायला अद्याप अवकाश होता. त्या अखेरपर्यंत अविवाहित राहिल्या. महायुद्धाने पुरुष रणांगणावर नेले, तेव्हा कोठे १९४४ मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत त्यांना प्रवेश मिळाला. (श्रमबाजारातील भेदभाव सद्भावनेपेक्षा तुटवड्यानेच लवकर ओसरतो!)

तेथील प्रमुख जॉर्ज हिचिंग्ज यांची विचारसरणी वेगळी होती. शेकडो द्रव्ये आंधळेपणाने चाचपून पाहण्याऐवजी पेशींची वाढ समजून घ्यावी आणि मग औषध घडवावे, असा त्यांचा आग्रह. प्रत्येक पेशीला विभाजनासाठी प्युरिन नावाची द्रव्ये लागतात. कर्करोगाच्या पेशींना ती अधिक वेगाने हवी असतात. तेव्हा खऱ्या नाण्यासारखे दिसणारे खोटे नाणे त्यांच्या हाती दिले तर? एलियन यांनी अशाच एका रेणूतील ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसविला. या ६-मर्कॅप्टोप्युरिनला १९५३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगाने काही महिन्यांत दगावणारी मुले त्यामुळे सावरू लागली. रोग उलटून येई, हे खरे. परंतु पुढे अन्य औषधांची जोड मिळाल्यावर यांतील बहुसंख्य मुले पूर्ण बरी होऊ लागली. याच द्रव्याच्या अभ्यासातून ॲझाथायोप्रिन निघाले आणि परक्या व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे आरोपण शक्य झाले.

विषाणू पेशीच्याच यंत्रणेवर जगतो. त्याला मारताना पेशीही मरते, म्हणून विषाणूविरोधी औषध जवळजवळ अशक्य, असा त्या काळी समज होता. एलियन यांच्या गटाने अभ्यासलेले असायक्लोव्हिर १९७० नंतरच्या दशकात पुढे आले आणि तो समज डळमळला. हे औषध मुळात निष्क्रिय असते. हर्पिस गटातील विषाणूचे स्वतःचे विकरच त्याला कार्यक्षम करते; निरोगी पेशी त्याला जवळपास हातही लावीत नाही. चोराच्याच किल्लीने चोराला कोंडावे, तसा हा प्रकार. नागिणीच्या रुग्णांना आजही त्याचाच आधार आहे.

मूळ ब्रिटिश कंपनीचे सर्व भाग १९३६ पासून एका धर्मादाय निधीकडे होते. १९८६ मध्ये त्यांतील काही बाजारात आले. दीर्घकाळ फळ न देणारे संशोधन तेथे पोसले गेले, त्यास हेही एक कारण असावे. परंतु एलियन १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांच्या श्रमांतून १९८७ मध्ये एड्सवरील एझेडटी बाजारात आले, तेव्हा कंपनीने लावलेल्या किमतीविरुद्ध रुग्णांना रस्त्यावर यावे लागले, हेही विसरता येत नाही.

१९८८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले. डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हती. ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये रात्री जाऊन त्यांनी तिचा अभ्यास आरंभिला होता. पूर्णवेळ या, असा आदेश आल्यावर त्यांनी नोकरी न सोडता तो अभ्यासच सोडला. त्याच संस्थेने १९८९ मध्ये त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी नॉर्थ कॅरोलिनात त्यांचे निधन झाले.