मार्गोपदेशिकाकार भांडारकर

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची कीर्ती मुख्यतः प्राच्यविद्यापंडित म्हणून आहे. दख्खनचा प्राचीन इतिहास, वैष्णव-शैवादी पंथांचे संशोधन आणि हस्तलिखितांचा शोध या कार्यापुढे त्यांनी शाळकरी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली दोन पुस्तके काहीशी झाकोळली गेली. वस्तुतः नवी भाषा कोणत्या क्रमाने शिकवावी, या प्रश्नाचे एक विचारपूर्वक उत्तर त्या पुस्तकांत आहे.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. रत्नागिरीच्या शाळेतून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्यासमवेत मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. संस्कृत हा त्यांच्या आरंभीच्या शिक्षणाचा विषय नव्हता. तारुण्यात त्यांनी ती भाषा हाती घेतली व शास्त्र्यांजवळ बसून व्याकरणाचे अध्ययन केले. प्रौढपणी भाषा शिकू लागलेल्या माणसाची वाट कोठे अडते, हे त्यांना त्यामुळे स्वानुभवाने उमगले असले पाहिजे.

पाठशाळेची पद्धती पाठांतरावर उभी होती. रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत झाल्यावर विद्यार्थी कौमुदीकडे वळे. ज्याला शास्त्रासाठी अनेक वर्षे वेचता येत होती, त्याला ही शिस्त फलदायी होती. परंतु गणित, इतिहास व इंग्रजी यांच्या जोडीने आठवड्यातून काही तासच संस्कृत शिकणाऱ्या मुलाला ती पेलणारी नव्हती. हैदराबाद (सिंध) आणि त्यानंतर रत्नागिरी येथील सरकारी विद्यालयांचे मुख्याध्यापक असताना भांडारकरांना ही अडचण प्रत्यक्ष दिसली. त्याच दशकात त्यांची 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका' ही पुस्तके सिद्ध झाली.

या पुस्तकांमागील तत्त्व साधे, पण मूलगामी होते. शास्त्राची मांडणी आणि शिक्षणाचा क्रम एक नव्हेत. पाणिनीची रचना लाघवासाठी आहे; एका सूत्राचा अर्थ लावताना दूरची अनेक सूत्रे स्मरावी लागतात. भांडारकरांनी पाणिनीय परंपरेचे प्रामाण्य राखले, तिच्या संज्ञाही राखल्या. मात्र क्रम विद्यार्थ्याच्या गरजेनुसार बदलला. आरंभ त्यांनी वर्तमानकाळातील सोप्या क्रियापदांनी केला. संस्कृतात क्रियापद एकटेच वाक्य होऊ शकते. म्हणून पहिल्याच पाठात विद्यार्थी वाक्य वाचू व रचू लागतो. थोडे नियम, थोडे शब्द आणि दोन्ही दिशांनी भाषांतर अशी प्रत्येक पाठाची घडण आहे. लिट्, लुङ् इत्यादी दुर्घट रूपे दुसऱ्या पुस्तकाकडे सोपविली आहेत. त्या काळी युरोपात रूढ असलेल्या व्याकरण-भाषांतर पद्धतीशी या रचनेचे साम्य स्पष्ट दिसते.

या पद्धतीचे मोलही द्यावे लागले. ही पुस्तके मुळात इंग्रजीतून लिहिलेली होती. मराठी, गुजराती, कानडी व सिंधी मुले एकाच इलाख्यात शिकत असल्याने आणि विद्यालयांचे माध्यम इंग्रजी असल्याने ते अपरिहार्यच होते. तरी आपल्या भाषेच्या पूर्वजेकडे मराठी मुलाला परकी वाट धरून जावे लागले. पाठशाळेत संस्कृत कानी पडत असे, वादात बोलले जात असे. वर्गात ते लेखी भाषांतराचा विषय झाले. पुढे १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून पाली-प्राकृतांच्या द्वारा आधुनिक भाषांपर्यंतचा प्रवाह भांडारकरांनीच उलगडून दाखविला. संशोधनात त्यांनी सिद्ध केलेल्या या निकटतेचा पुरता लाभ त्यांच्या पाठ्यपुस्तकांना मात्र मिळू शकला नाही.

एल्फिन्स्टन व डेक्कन महाविद्यालयांतील अध्यापनानंतर ते १८९३ मध्ये निवृत्त झाले व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले; आपला ग्रंथसंग्रह त्यांनी त्यास दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकात भाषाशिक्षणाचा विचार संभाषणाकडे आणि प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळला. त्या कसोटीवर भांडारकरांचे भाषांतरपाठ अपुरे ठरतील. परंतु शिकणाऱ्याची पायरी ओळखून विषयाची मांडणी करावी, हा त्यांचा विचार त्या पद्धतींनाही सोडता आलेला नाही. पांडित्याचे शिखर गाठण्यापूर्वीच या आचार्याने इतरांसाठी पायऱ्या बांधल्या, हे त्यांच्या चरित्राचे एक मोठे वैशिष्ट्य होय.