विल्यम ग्लॅडस्टन

इंग्लंडच्या राजकारणात ग्लॅडस्टनने साठ वर्षांहून अधिक काळ घालविला व चार वेळा पंतप्रधानपद भूषविले. जुन्या व्यवस्थेचा कैवार घेणाऱ्या टोरी पक्षातून त्याने राजकारणात प्रवेश केला. परंतु पुढे त्याची कीर्ती झाली ती उदारमतवादी पक्षाचा नेता म्हणून. या स्थित्यंतराला सत्तावीस वर्षे लागली.

२९ डिसेंबर १८०९ रोजी लिव्हरपूल येथील एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. दक्षिण अमेरिकेतील डेमेरारा येथे त्याच्या पित्याचे उसाचे मळे होते व त्यांवर गुलाम राबत असत. १८३२ साली ग्लॅडस्टन न्यूअर्क येथून पार्लमेंटमध्ये निवडून आला. पुढच्याच वर्षी गुलामगिरी नष्ट करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा या तरुणाने पित्याच्या मळ्यांची बाजू मांडली. थोरांच्या चरित्रातील अशी पाने झाकून ठेवू नयेत.

राज्याने केवळ इंग्लंडच्या अधिकृत चर्चलाच आधार द्यावा, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्याने १८३८ साली लिहिला. सात वर्षांनी पंतप्रधान पील याने आयर्लंडमधील मेनूथ येथील कॅथलिक विद्यालयाचे अनुदान वाढविण्याचे ठरविले. ग्लॅडस्टन त्या वेळी मंत्री होता. मधल्या काळात त्याचे मत पालटले होते व हे अनुदान त्याला योग्यच वाटत होते. परंतु आपल्याच ग्रंथाविरुद्ध जाऊन आपण मंत्रिपदाला चिकटून राहिलो, तर अधिकाराच्या लोभाने मत बदलले असे लोकांना वाटेल, हे त्याने जाणले. म्हणून त्याने प्रथम राजीनामा दिला आणि मग साधा सभासद म्हणून अनुदानाच्या बाजूने मत दिले! त्याच्या सहकाऱ्यांना हे वर्तन मोठे कोडेच वाटले.

१८४६ साली पीलने परदेशी धान्यावरील जबर जकात उठविण्याचा कायदा केला. तेव्हा पक्षातील जमीनदार खवळले व पक्ष दुभंगला. ग्लॅडस्टन पीलच्या पाठीशी राहिला. त्यापायी न्यूअर्कची जागा त्याच्या हातून गेली. पुढे कित्येक वर्षे तो दोन्ही पक्षांच्या मध्ये उभा होता. नेपल्सच्या तुरुंगात साखळदंडांनी जखडलेले राजबंदी त्याने पाहिले आणि १८५१ साली पत्रे प्रसिद्ध करून तेथील जुलूम युरोपपुढे मांडला. अखेर १८५९ साली तो उदारमतवाद्यांच्या मंत्रिमंडळात गेला.

१८६८ साली हॉर्डन येथे तो झाड तोडत असता मंत्रिमंडळ बनविण्याचे बोलावणे येत असल्याची तार आली. ती वाचून त्याने पुन्हा कुऱ्हाड उचलली! दुसऱ्याच वर्षी आयर्लंडमधील अधिकृत चर्चचा राजाश्रय त्याने काढून घेतला. तीस वर्षांपूर्वी ग्रंथात ज्याचे समर्थन केले, ते आता त्याने स्वतःच्या हाताने मोडले. गुप्त मतदानाचा कायदाही त्याच्याच कारकीर्दीत, १८७२ साली झाला.

१८८० साली त्याच्या सरकारने लॉर्ड रिपनला हिंदुस्थानात पाठविले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १८८२ साली रद्द झाला आणि मराठी पत्रेही त्यातून मोकळी झाली. मात्र त्याच वर्षी ग्लॅडस्टनच्याच फौजांनी इजिप्त व्यापला.

आयर्लंडला होमरूल देण्याचे त्याचे विधेयक १८८६ साली ३१३ विरुद्ध ३४३ मतांनी पडले. स्वपक्षाचेच कित्येक सभासद त्याला सोडून गेले. ज्याने पूर्वी पक्ष सोडला होता, त्याच्यावर ही पाळी यावी! तरीही वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १८९३ साली, त्याने दुसरे विधेयक लोकप्रतिनिधींच्या सभागृहात संमत करून घेतले. सरदारांच्या सभागृहाने ते ४१ विरुद्ध ४१९ मतांनी फेटाळले. पुढील वर्षी त्याने पंतप्रधानपद सोडले आणि १९ मे १८९८ रोजी हॉर्डन येथे त्याचे निधन झाले. आयर्लंडच्या बहुतेक भागाचे राज्य तेथील लोकांच्या हाती आले ते १९२२ साली.