मुलांच्या न्यायालयातील आरोपी

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे क्रोखमाल्ना रस्त्यावरील ९२ क्रमांकाच्या इमारतीत अनाथ ज्यू मुलांचे एक वसतिगृह होते. तेथे मुलांचे न्यायालय भरत असे. न्यायाधीश पाच आणि पाचही मुलेच. ज्यांच्याविरुद्ध त्या आठवड्यात एकही खटला नाही, अशांतून चिठ्ठ्या टाकून त्यांची निवड होई. या न्यायालयात एका सहामाहीत एकाच प्रौढ व्यक्तीवर पाच खटले दाखल झाले. एका मुलाच्या कानशिलात लगावली, दुसऱ्याला शयनगृहाबाहेर काढले, तिसऱ्याला कोपऱ्यात उभे केले, एका न्यायाधीशाचा अपमान केला आणि एका मुलीवर चोरीचा आळ घेतला, असे हे पाच आरोप. आरोपी होते वसतिगृहाचे संचालक डॉ. यानुश कोर्चाक. या खटल्यांची नोंद त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात करून ठेवली आहे आणि त्यांनीच आपल्याला अधिक चांगला शिक्षक बनविले, असेही नमूद केले आहे.

कोर्चाक हे त्यांचे टोपणनाव. मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म वॉर्साचा, २२ जुलैचा. मात्र वर्ष १८७८ की १८७९, याची खात्री त्यांना स्वतःलाही नव्हती. वडील नामांकित वकील. पुढे त्यांना मानसिक आजाराने ग्रासले आणि १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. घरची घडी विस्कटली. शाळकरी हेन्रिक शिकवण्या करून संसाराला हातभार लावू लागला. वैद्यकीय पदवीनंतर त्यांनी बालरुग्णालयात नोकरी धरली. डॉक्टर आणि लेखक म्हणून नाव झाले असतानाच १९१२ मध्ये त्यांनी स्टेफानिया विल्चिन्स्का यांच्यासह या वसतिगृहाची धुरा स्वीकारली आणि अखेरपर्यंत सोडली नाही. स्टेफानियाबाईंचे नाव बहुधा त्यांच्या सावलीत राहते, हा अन्याय आहे. डॉक्टर महायुद्धात लष्करी सेवेत होते तेव्हा हे घर त्यांनीच सांभाळले.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक क्षमतांचा उल्लेख आला आणि हा विषय शाळांच्या चर्चेत शिरला. राग आवरणे, दुसऱ्याचे दुःख ओळखणे, भांडण मिटविणे हे शिकविता येते का, हा त्यातील प्रश्न. कोर्चाक यांनी तो उपदेशावर सोडला नाही. त्यांनी त्यासाठी व्यवस्था उभारल्या, आणि त्या मोठ्यांनाही बंधनकारक ठेवल्या.

न्यायालयाची संहिता त्यांनी स्वतः लिहिली. कलमांचे क्रमांक एकपासून हजारपर्यंत. त्यातील पहिली ९९ कलमे खटला सोडून देण्याची किंवा माफीची. मुलाला नियम ठाऊक नव्हता, त्याला पश्चात्ताप झाला आहे, तो सुधारण्याचा प्रयत्न करील, अशी कारणे त्यात होती. हजारावे कलम वसतिगृहातून काढून टाकण्याचे. दोन्ही टोकांमध्ये कठोरता पायरी-पायरीने वाढत जाई. संतापलेल्या मुलाने लगेच हात उगारण्याऐवजी फळ्यावर आपली तक्रार नोंदवायची. सुनावणीपर्यंत राग निवण्यास वेळ मिळे आणि अनेकदा तक्रारदारच क्षमा करून मोकळा होई.

हे सारे सुरळीत चालले, असे मात्र नाही. काही दांडग्या मुलांनी न्यायालयाची टर उडविली, निकाल धाब्यावर बसविले. कोर्चाक यांना ते काही काळ बंद करावे लागले. पुन्हा सुरू करताना फेरविचार मागण्याची सोय झाली आणि प्रौढांवरही खटला भरण्याचा अधिकार मुलांना मिळाला. अपयशानंतर अधिकार कमी करण्याऐवजी वाढविणारा प्रशासक विरळाच.

त्याहून लोभस होती त्यांची पैज. मारामारीची खोड मोडू पाहणारे मूल त्यांच्याकडे येई. आठवड्यात किती वेळा भांडतोस, असे ते विचारीत. एकदम शून्यावर येण्याची फुशारकी त्यांना मान्य नसे. आकडा थोडाच खाली आणायचा, अशी घासाघीस चाले. आठवड्याच्या शेवटी मुलानेच हिशेब सांगायचा, पडताळणी नाही. जिंकल्यास गोळ्या-चॉकलेट. नव्याने आलेल्या मुलाला तीन महिने एक मोठे मूल पालक म्हणून मिळे. हा पालक त्याच्याविषयी रोजनिशी लिही आणि डॉक्टर त्यावर अभिप्राय देत.

भावी शिक्षकांसाठी त्यांनी दिलेल्या एका व्याख्यानाची कथा प्रसिद्ध आहे. त्यांनी एका लहान मुलाला अंधाऱ्या खोलीत क्ष-किरण यंत्रामागे उभे केले. अनोळखी माणसांच्या गर्दीने घाबरलेल्या त्या मुलाचे धडधडते हृदय पडद्यावर दिसू लागले. मुलावर रागावण्यापूर्वी हे दृश्य आठवावे, एवढेच सांगून त्यांनी व्याख्यान संपविले, असे म्हणतात.

१९२६ मध्ये त्यांनी एका दैनिकाची पुरवणी म्हणून मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक सुरू केले. नभोवाणीवर ‘म्हातारा डॉक्टर’ म्हणून ते घराघरांत पोहोचले. वाढत्या ज्यूद्वेषाच्या वातावरणात तो कार्यक्रमही थांबला.

१९४० मध्ये नाझींनी वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. वसतिगृहालाही तेथे जावे लागले. वाटेत जप्त झालेली बटाट्यांची गाडी परत मागण्यासाठी डॉक्टर जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले आणि तुरुंगात पडले. सुटल्यानंतर ते पोते घेऊन दारोदार मुलांसाठी अन्न मागत हिंडत. १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी तेथे रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ सादर केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल त्या बंदिस्त मुलांना परका वाटला नसावा. मृत्यूला शांतपणे स्वीकारणे मुलांनी शिकावे, म्हणून हे नाटक निवडल्याचे कोर्चाक यांनी सांगितले, असे म्हटले जाते.

चारच दिवसांनी हद्दपारी सुरू झाली. स्वतःची सुटका करून घेण्याचे प्रस्ताव डॉक्टरांनी नाकारले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुले रांगेने रेल्वेच्या दिशेने निघाली. सोबत कोर्चाक, स्टेफानियाबाई आणि इतर कर्मचारी होते. ट्रेब्लिंकाच्या छळछावणीतून त्यांच्यापैकी कोणी परतले नाही.

ट्रेब्लिंका येथील स्मारकात हजारो ओबडधोबड शिळा उभ्या आहेत. त्यांतील काही शिळांवर गावांची व शहरांची नावे कोरलेली आहेत. व्यक्तीचे नाव केवळ एका शिळेवर आहे. ते कोर्चाक यांचे, आणि त्याला जोडूनच मुलांचा उल्लेख आहे.