गॅस्टन प्लांते : चार्जर नव्हता तेव्हा चार्ज होणारी बॅटरी बनवणारा माणूस

फोनची बॅटरी संपली की आपण आधी चार्जर शोधतो. आता कल्पना करा, बॅटरी आहे, ती पुन्हा पुन्हा चार्जही होते, पण तिला चार्ज करायला धड सोयच नाही! १८५९ साली पॅरिसमध्ये पंचविशीतल्या एका तरुणाची हीच गत झाली होती. त्याचं नाव गॅस्टन प्लांते. रिचार्ज होणारी पहिली कामाची बॅटरी त्यांनी बनवली, शिसं आणि ॲसिड वापरून. तुमच्या बाइकमध्ये किंवा घरच्या इन्व्हर्टरखाली जी जड बॅटरी असते, ती याच घराण्यातली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण लोकांनी स्वतः बनवलेल्या छोट्या विमानांची वायरिंग समजून घ्यायचा मला नाद आहे. त्या विमानांतही बहुतेक वेळा हीच शिशाची बॅटरी असते. ती सांभाळायची कशी आणि बदलायची कधी, या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की माणूस फिरून प्लांते यांच्यापाशीच येतो. म्हणून आज त्यांची गोष्ट.

आधी सापडला पक्षी

प्लांते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला असलेल्या ऑर्थेझ गावातला. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे फ्रान्समधला मोठा पियानोवादक झाला. गॅस्टन मात्र विज्ञानाकडे वळले आणि १८५४ साली पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरी ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स या संस्थेत एडमंड बेकरेल यांचे सहायक झाले. बेकरेल म्हणजे तेच, ज्यांना १८३९ मध्ये प्रकाशातून वीज मिळू शकते हे दिसलं होतं. आजच्या सोलर पॅनलचं मूळ तिथे आहे. म्हणजे गच्चीवरचं सोलर आणि त्याची वीज साठवणारी बॅटरी, दोन्हींची मुळं या गुरु-सहायकाच्या जोडीपर्यंत जातात.

पण प्लांते यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते विजेमुळे नाही. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदों इथे त्यांना एका प्रचंड पक्ष्याची जीवाश्म झालेली हाडं सापडली. माणसापेक्षा उंच, पण उडता न येणारा पक्षी. शास्त्रज्ञांनी त्याला शोधणाऱ्याचंच नाव दिलं, गॅस्टॉर्निस. अर्थ सरळ आहे, गॅस्टनचा पक्षी.

शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी

त्या काळातल्या बॅटऱ्या एकदाच वापरायच्या असत. आत जस्तासारखा धातू खर्च व्हायचा, वीज मिळायची, आणि धातू संपला की खेळ संपला. तारायंत्रं यावरच चालत.

प्लांते एका वेगळ्याच त्रासाचा अभ्यास करत होते. ॲसिडमध्ये दोन धातूंचे पत्रे बुडवून वीज सोडली, मग बाहेरची बॅटरी काढून टाकली, की ते पत्रे थोडा वेळ उलट दिशेने वीज देतात. हे आधीही लोकांनी पाहिलं होतं. जर्मनीच्या रिटर यांनी तर १८०३ च्या सुमारास यावर प्रयोगही केले होते. पण बहुतेकांच्या लेखी ही अडचण होती. प्लांते यांनी प्रश्न फिरवला. ही उलटी वीज कुठल्या धातूत जास्तीत जास्त आणि जास्तीत जास्त वेळ मिळते? त्यांनी चांदी, तांबं, कथील, सोनं, प्लॅटिनम असे एकेक धातू तपासले. जिंकलं ते सगळ्यात साधं आणि स्वस्त शिसं.

मग त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, मध्ये कापड ठेवलं म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत, सगळं वळकटीसारखं गुंडाळलं आणि सल्फ्युरिक ॲसिड मिसळलेल्या पाण्यात बुडवलं. झाली बॅटरी.

आत काय होतं ते दोन ओळीत. चार्ज करताना एका पत्र्यावर शिशाचा तपकिरी डायऑक्साइड तयार होतो आणि दुसऱ्यावर शुद्ध, स्पंजासारखं शिसं. वीज वापरताना दोन्हींचं लेड सल्फेट बनतं. पुन्हा चार्ज केलं की सल्फेट परत मूळ रूपात जातं. एका सेलमधून साधारण २ व्होल्ट मिळतात, म्हणून तुमच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असे ६ सेल असतात. १८६० मध्ये प्लांते यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ९ सेलची बॅटरी मांडली.

बॅटरी विकत घ्यायची नसते, घडवायची असते

खरी गंमत इथून पुढे. नवी बॅटरी फारच थोडी वीज साठवायची, कारण गुळगुळीत पत्र्याचा फक्त वरचा पातळ थर कामाला येतो. प्लांते यांच्या लक्षात आलं की ती चार्ज करायची, रिकामी करायची, मग उलट दिशेने चार्ज करायची, मध्ये विश्रांती द्यायची, असं पुन्हा पुन्हा केलं की शिसं आतपर्यंत भुसभुशीत होतं आणि साठवण वाढत जाते. या कामाला आठवडे, कधी महिने लागत. आजही बॅटरीच्या कारखान्यात याला फॉर्मेशन म्हणतात. तुमच्या फोनची लिथियम बॅटरीसुद्धा पॅक होण्याआधी पहिलं चार्जिंग करून अशीच तयार केली जाते, फक्त आतलं रसायन वेगळं.

वाढलेली साठवण मोजायची कशी? प्लांते बॅटरीला प्लॅटिनमची बारीक तार जोडत. वीज वाहिली की तार लाल होते. ती किती वेळ लाल राहते ते पाहायचं. हीच बॅटरीची खरी ताकद. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे विमानात तोच लागणार आहे.

आणि चार्जरचं काय? चांगले जनरेटर अजून आलेच नव्हते. त्यामुळे प्लांते यांना ही रिचार्जेबल बॅटरी चार्ज करायला बन्सनचे सेल जोडावे लागत, म्हणजे जस्त खाणाऱ्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्या! पॉवर बँक चार्ज करायला टॉर्चचे सेल खर्च करण्यातला हा प्रकार. साहजिकच वीस वर्षं ही बॅटरी प्रयोगशाळेतच राहिली.

प्लांते थांबले मात्र नाहीत. शिसं आणि शनी यांचा जुन्या किमयागारांनी जोडलेला संबंध धरून त्यांनी शनीचा चकमक नावाचं एक छोटं यंत्र केलं. बटण दाबलं की तार तापते आणि मेणबत्ती पेटते. पुढे त्यांनी ८०० सेल एकत्र जोडले आणि वीज कडाडते तेव्हा आकाशात काय होत असेल, याचे प्रयोग टेबलावर केले. १८७९ मध्ये वीस वर्षांचं हे काम पुस्तकरूपाने आलं.

अखेर चार्जर आला

१८७० च्या दशकात ग्रामचा डायनॅमो आला आणि वीज स्वस्तात तयार होऊ लागली. पाठोपाठ कामिय फोर यांनी युक्ती काढली. शिसं महिनोन् महिने घडवत बसण्याऐवजी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेपच थापायचा. आता बॅटरी कारखान्यात भराभर बनू शकत होती. १८८१ मध्ये असे फोरचे चार सेल चार्ज करून पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे नेले. ७२ तासांच्या प्रवासानंतरही त्यांत वीज शाबूत होती. पेटीत भरून वीज गावाला नेता येते हे लोकांना पटलं. कंपन्या उभ्या राहिल्या त्या फोर यांच्या पद्धतीवर, पण पाया प्लांते यांचाच.

त्याच वर्षी पॅरिसच्या वीज प्रदर्शनात गॅस्टन तिसांदिए यांनी एका हवाई जहाजाचं छोटं मॉडेल उडवून दाखवलं. त्याचा पंखा विजेच्या मोटरवर फिरत होता आणि वीज येत होती प्लांते यांच्या प्रकारच्या सेलमधून. दोन वर्षांनी तिसांदिए बंधूंनी माणसं बसतील एवढं खरं जहाज उडवलं, तेव्हा मात्र शिशाला नाही म्हणून एकदाच वापरायचे बायक्रोमेट सेल नेले. हवेत वजन हाच मुख्य शत्रू.

२१ मे १८८९ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी प्लांते गेले. पॅरिसजवळच्या बेलव्ह्यूमध्ये, म्हणजे ज्या म्यूदोंमध्ये त्यांना तो पक्षी सापडला होता, तिथेच.

मग ही जड बॅटरी विमानात आली कशी?

१९०३ चं राइट बंधूंचं विमान म्हणजे एका अर्थी घरी बनवलेलं विमानच. त्यांनी इंजिन सुरू करायला बॅटरी वापरली, पण उडताना ती जमिनीवरच ठेवली. हवेत ठिणगी द्यायला मॅग्नेटो होता, जो इंजिनच्या फिरण्यावर स्वतःची वीज बनवतो. आजही बऱ्याच छोट्या विमानांत मॅग्नेटो असतो आणि बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं.

घरी बनवलेल्या विमानांची गोष्ट बदलली आहे. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेने केलं असेल तर असं विमान नोंदवता येतं, आणि बनवणाऱ्याला दरवर्षीची तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्रही मिळू शकतं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बनवलं, ते २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात मुंबईकरांनी पाहिलंच. अशा हौशी विमानांत आता अनेकजण इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इंजेक्शन आणि काचेच्या स्क्रीनचं पॅनल बसवतात. म्हणजे अल्टरनेटर बंद पडला तर इंजिनसकट सगळं त्या एका बॅटरीवर. फोन स्विच ऑफ झाला तर रिक्षावाल्याला रस्ता विचारता येतो. इथे तशी सोय नाही.

अशा विमानांत लोकप्रिय असलेली ओडिसी पीसी६८० ही शिशाचीच सीलबंद बॅटरी आहे. वजन सुमारे ७ किलो, क्षमता १६ अँपिअर-तास. समजा इंजिन आणि अत्यावश्यक यंत्रं मिळून ८ अँपिअर ओढतात. कागदावर २ तास मिळायला हवेत. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतात, कारण १६ हा आकडा २० तासांत हळूहळू वीज काढल्यावरचा आहे आणि जास्त वेगाने ओढलं की शिशाची बॅटरी कमी देते.

बदलायची कधी?

इथेच बरेच जण फसतात. इंजिन बटणावर सुरू झालं म्हणजे बॅटरी चांगली, असं वाटतं. पण स्टार्टरला खूप करंट काही सेकंदच लागतो, तेवढा म्हातारी बॅटरीही देते. व्होल्टमीटरही पुरेसा नाही. तो बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज देतो, ती केवढी उरली आहे हे सांगत नाही. अर्धा तांब्या काठोकाठ भरला तरी तो भरलेलाच दिसतो ना, तसं.

म्हणून करायचं ते प्लांते यांनी केलं तेच. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, तेवढाच लोड लावायचा आणि १०.५ व्होल्टपर्यंत यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. प्लॅटिनमच्या तारेऐवजी आता दिवा किंवा टेस्टर, एवढाच फरक. आपल्याला सुरक्षित उतरायला लागेल तेवढा वेळ मिळत नसेल तर बॅटरी बदलायची, मग ती इंजिन कितीही झोकात सुरू करू दे. दर वार्षिक तपासणीत हे करायचं आणि आकडा लॉगबुकमध्ये लिहायचा.

शिशाची बॅटरी वापरण्यापेक्षा पडून राहून जास्त मरते. विमान महिनोन् महिने हँगरमध्ये उभं असतं, बॅटरी आपोआप उतरत जाते, आणि मघाशी सांगितलेल्या सल्फेटचे कडक स्फटिक होतात. ते मग चार्ज करूनही विरघळत नाहीत. म्हणून तिला योग्य मेंटेनन्स चार्जरवर भरलेली ठेवायची. लक्षात घ्या, लिथियमचं उलटं आहे. फोन किंवा लॅपटॉप खूप दिवस ठेवून द्यायचा असेल तर अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवा, १००% वर नाही.

बदलताना आधी निगेटिव्ह वायर काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. शिशाच्या जागी हलकी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली तर किलोकिलोने वजन वाचतं, पण विमानाचा तोल बदलतो. त्यामुळे वजन आणि गुरुत्वमध्याचा हिशोब पुन्हा करावा लागतो. शिवाय तिच्यातलं संरक्षक सर्किट तिला अचानक वेगळं करू शकतं, तेव्हा अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळणार नाही याची सोय हवी.

तुमच्या फोनमध्येही बॅटरी हेल्थचा आकडा असेल. ८०% च्या खाली गेला की बदला असं सांगतात. तो आकडाही शेवटी तेच सांगतो, नवी असताना ही बॅटरी जेवढं द्यायची, त्यातलं आता किती देते. टक्केवारी फोनने मोजली, पण तार किती वेळ लाल राहते हे आधी प्लांते यांनी पाहिलं होतं.