२८२ गुणांचा मॅट्रिक विद्यार्थी कोलंबियात कसा पोचला?

वडोदरा : मुलाला परदेशात शिकायला पाठवायचे म्हटले की आता आठवी-नववीपासूनच धावपळ सुरू होते. ऑलिम्पियाड, रोबोटिक्सचा क्लास, वादविवाद स्पर्धा, समाजसेवेचे सर्टिफिकेट, सगळे जमवून प्रोफाइल तयार करायची. बेळगाव-निपाणीकडच्या पालकांचे हेच, आणि सुरत-वडोदऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचेही हेच. अशा वेळी वडोदऱ्याच्या सयाजीबागेत, म्हणजे जुन्या लोकांच्या कमाटीबागेत, गेले की एका विद्यार्थ्याची आठवण हटकून येते. यातले एकही सर्टिफिकेट त्याच्याकडे नव्हते. मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण, म्हणजे ३८ टक्केसुद्धा नाहीत. तरी १९०७ साली मॅट्रिक झालेला हा मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि तोही बडोदे संस्थानाच्या पैशावर. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

घरची शिकवणी आणि शाळेतले गोणपाट

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत शिक्षक होते. ही गोष्ट फार महत्त्वाची. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरात इंग्रजी जाणणारा बाप असणे म्हणजे मोठेच भांडवल होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने मुलगा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाला. आज तीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

शाळेत मात्र बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि तेही इतरांपासून वेगळे टाकावे लागे. नळाला हात लावायचा नाही. शिपाई असला तर पाणी मिळायचे, नसला तर तहानलेलेच राहायचे.

१९०१ च्या सुमारास आणखी एक प्रसंग घडला. वडील कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला भीमराव, मोठा भाऊ आणि भाचे आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरले. अंगावर नवे कपडे. पण जात कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. रात्रभर घोटभर पाणी कोणी दिले नाही. ही हकिगत बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे.

परळची एक खोली

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली, तिथेच चूल, तिथेच झोपणे आणि तिथेच अभ्यास. रामजी मुलाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेत. पुस्तक हवे म्हटले की लेकींकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत आणि पुस्तक घरात आणत. आपल्या आईवडिलांनी फीसाठी काय काय केले हे ज्यांना आठवते, त्यांना यापुढे वेगळे सांगायला नको.

एल्फिन्स्टन हायस्कुलातही मान खाली घालायला लावणारे प्रसंग आलेच. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे असत. भीमराव गणित सोडवायला उठले की मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले. संस्कृत शिकायची हौस होती, पण अस्पृश्य म्हणून ते मिळाले नाही. नाइलाजाने फारसी घेतली. पुढे संस्कृतही त्यांनी आपल्या हिमतीवर शिकून घेतलेच.

गुणपत्रिकेत न दिसणारी एक गोष्ट याच वयात घडत होती, ती म्हणजे अवांतर वाचन. शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन हा मुलगा वाचत बसे. तिथेच शिक्षक आणि लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरले. मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा झाली, तिथे केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला तोही केळुसकरांनीच. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली.

बडोद्याचा करार

महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. दत्तक होऊन बडोद्याला आले तेव्हा वय १२ आणि अक्षरओळख त्यानंतरची. म्हणूनच असेल, शिक्षणाची किंमत त्यांना बरोबर कळली होती. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले.

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला निघालेला मुलगा वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनावर उतरला आणि गाडी सुटली. २ फेब्रुवारीला रामजी गेले. ज्यांनी दोन वाजता उठवले, त्यांना पुढचे काही पाहता आले नाही.

४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ कोर्स केले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक मिळाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला तेव्हा वय होते २५. या निबंधाची तयारी फक्त कोलंबियाच्या ग्रंथालयात झाली, असे कोण म्हणेल? साताऱ्याचे गोणपाट, मसूरची बैलगाडी, फळ्यामागचे डबे हे सगळे त्याच्या मागे उभे होते. जे सोसले त्याचे कारण शोधायचे, हा त्यांच्या अभ्यासाचा खरा विषय होता. इंग्रजी बापाने दिले, वाचनाची सवय बागेतल्या बाकाने दिली आणि प्रश्न शाळेनेच दिला. फक्त तसे देणे शाळेच्या मनात नव्हते.

शहराची तयारी नव्हती

पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार ते पुन्हा बडोद्याला आले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. पण कचेरीत शिपाई फायली लांबूनच टाकत आणि गावात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोज देऊन, पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याची ताकीद देऊन गेले. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन अशा दोन मित्रांकडे विचारून पाहिले. दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत न्यूयॉर्क-लंडनला शिकून आलेला हा माणूस कमाटीबागेत बसून राहिला. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

विद्यार्थी तयार होऊन आला होता. त्याला पाठवणारे शहर मात्र तयार नव्हते. संस्थान पैसे देऊ शकले, पण भाड्याची खोली मिळवून देऊ शकले नाही.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मार्च १९२० मध्ये कोल्हापूरजवळ माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. त्याच वर्षी पैसे साठवून, मित्राकडून उसने घेऊन आणि शाहू महाराजांची मदत मिळवून ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एससी. मिळाली. कोलंबियाच्या पदवीचा प्रबंध १९२५ मध्ये छापला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. बडोद्यात जे घडले त्याचा राग त्यांनी महाराजांवर धरला नाही.

आणि कामाला सुरुवात कुठून केली? १९२५ मध्ये त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या निपाणीत प्रांतिक परिषद झाली. पुढे धारवाडलाही वसतिगृह उभे राहिले. ज्याला खोली मिळाली नाही, त्याने आधी इतरांच्या पोरांच्या राहण्याची सोय केली.

आज केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, ती कुठल्याही राज्यातल्या मुलांना खुली आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, पण तिला महाराष्ट्राचा रहिवास लागतो, त्यामुळे सीमेपलीकडची मराठी मुले बाहेर राहतात. हा प्रश्न लावून धरायला हवा. आणि शिकायला पुण्या-वडोदऱ्याला गेलेल्या मुलांना खोली देताना आधी आडनाव विचारणारे घरमालक अजून भेटतात. मुलांची प्रोफाइल तयार करताना आपण आपली घरे किती तयार केली, तेही एकदा बघावे लागेल.