'कलर'मधला 'यू' कुणी उडवला? ज्याच्यामुळे आजही मित्रांमध्ये भांडणं होतात, त्या नोआ वेबस्टरची गोष्ट

रात्रीचे अकरा वाजलेत. चौघं मित्र कॉलवर आहेत आणि मोबाइलवर स्क्रॅबलचा डाव रंगलाय. एकाने 'कलर' शब्द लावला, पण 'यू' न घालता. झालं! दुसऱ्याने लगेच आक्षेप घेतला. शाळेत बाईंनी शेवटी 'ओ-यू-आर' असंच शिकवलं होतं, हा त्याचा मुद्दा. गेमने पॉइंट दिलेत म्हणजे विषय संपला, हा पहिल्याचा मुद्दा. तिसरा दोघांच्या इंग्लिशची खेचतोय आणि चौथा आपली पाळी कधी येणार म्हणून वैतागलाय.

हे भांडण फक्त आपल्याच ग्रुपमध्ये होतं असं नाही. २०२२ च्या सुरुवातीला वर्डल या गेमने सगळ्यांना वेड लावलं होतं. पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा, एवढाच खेळ. जानेवारीत एक दिवस उत्तर आलं 'फेवर' आणि फेब्रुवारीत 'ह्यूमर'. दोन्हींच्या शेवटी फक्त 'ओ-आर'. ब्रिटनमधले खेळाडू सोशल मीडियावर जाम भडकले. हे कसलं इंग्लिश, असा त्यांचा सूर होता.

तर हे इंग्लिश रुळवणारा माणूस म्हणजे नोआ वेबस्टर.

१६ ऑक्टोबर १७५८ ला अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, आजच्या वेस्ट हार्टफर्डमध्ये त्याचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं. पोराला अभ्यासाची गोडी आहे म्हटल्यावर बापाने शेत गहाण टाकलं आणि त्याला येल कॉलेजात धाडलं. तो शिकत असतानाच अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. १७७८ मध्ये तो पदवीधर झाला, पण घरात पैसा उरला नव्हता. वकिली शिकायची इच्छा होती, पण पोटासाठी मास्तरकी करावी लागली.

शाळेत काय चित्र होतं? एका खोलीत लहानमोठी पोरं कोंबलेली आणि हातात इंग्लंडची पुस्तकं. ज्या राजाविरुद्ध देश लढतोय, त्याच्याच देशातली गावं आणि त्याच्याच देशातले उच्चार इथली पोरं पाठ करतायत. ही गोष्ट वेबस्टरला खटकली. देश स्वतंत्र झाला तर भाषाही स्वतंत्र हवी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

१७८३ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविशीत, त्याने मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. निळ्या पुठ्ठ्यामुळे लोक त्याला निळं पुस्तकच म्हणायला लागले. पुढच्या शंभर वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. अमेरिकेच्या कित्येक पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग तर गडी मालामाल झाला असेल. तसं झालं नाही. तेव्हा अख्ख्या देशाला लागू होईल असा कॉपीराइट कायदाच नव्हता. कुणीही पुस्तक छापावं आणि विकावं. म्हणून वेबस्टर एकेका राज्यात जाऊन तिथल्या पुढाऱ्यांना गाठायचा आणि कायदा करा म्हणून मागे लागायचा. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरीसुद्धा तो जाऊन आला.

याच काळात फिलाडेल्फियात त्याची गाठ बेंजामिन फ्रँकलिनशी पडली. फ्रँकलिन तेव्हा ऐंशीच्या घरात होता. इंग्लिशमध्ये उच्चार एक आणि स्पेलिंग भलतंच, यावर त्याने सहा नवी अक्षरं तयार करून ठेवली होती. नवी अक्षरं वेबस्टरला झेपणारी वाटली नाहीत, पण स्पेलिंग सुधारण्याचं वेड त्याने उचललं. जे अक्षर बोललं जात नाही ते लिहायचं कशाला, असा साधा हिशोब. १७९० मध्ये त्याने असल्या स्पेलिंगमध्ये लेखही छापले. लोकांनी यथेच्छ खिल्ली उडवली.

पण गडी मागे हटला नाही. १८०६ मध्ये त्याची पहिली, छोटी डिक्शनरी आली. त्यात 'कलर'मधला 'यू' गेला. 'म्युझिक'च्या शेवटी तेव्हा 'के' असायचा, तोही गेला. 'सेंटर'च्या शेवटचं 'आर-ई' उलटून 'ई-आर' झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही सगळी स्पेलिंगं वेबस्टरने शोधून काढलेली नाहीत. 'यू' असलेली आणि नसलेली, दोन्ही रूपं इंग्लंडमध्ये आधीपासून चालत होती. १७५५ मध्ये लंडनच्या सॅम्युअल जॉन्सनने आपल्या डिक्शनरीत 'ओ-यू-आर' निवडलं आणि ब्रिटनमध्ये ते पक्कं झालं. वेबस्टरने दुसरं रूप निवडलं.

मग सुरू झालं खरं काम, म्हणजे मोठी डिक्शनरी. त्यात वीसेक वर्षं गेली. शब्दांची मुळं शोधायची म्हणून त्याने वीसहून जास्त भाषांचा अभ्यास केला, त्यात संस्कृतही होती. पण इथेच तो घसरला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्सने १७८६ मध्येच कोलकात्यात मांडलं होतं. वेबस्टरने ती वाट धरली नाही. बायबलच्या आधाराने त्याने स्वतःचीच मांडणी केली आणि त्याच्या कितीतरी व्युत्पत्ती चुकल्या.

शेवटच्या टप्प्यात जुनी पुस्तकं चाळायला तो मुलाला घेऊन पॅरिसला गेला आणि तिथून इंग्लंडमधल्या केंब्रिजला. जानेवारी १८२५ मध्ये शेवटचा शब्द लिहून झाला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. गंमत बघा, अमेरिकेला इंग्लंडच्या भाषेपासून सोडवणारी डिक्शनरी पूर्ण झाली ती इंग्लंडमध्येच.

१८२८ मध्ये ती छापून आली. दोन खंड, सुमारे ७०,००० शब्द. त्यातले १२,००० आधीच्या कुठल्याच डिक्शनरीत नव्हते. वेबस्टर तेव्हा सत्तरीचा होता. किंमत होती २० डॉलर, म्हणजे साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर. अमेरिकेत फक्त २,५०० प्रती निघाल्या, आणि त्याही खपता खपेनात. तरी म्हातारपणी त्याने दुसऱ्या आवृत्तीसाठी घर गहाण टाकलं. बापाने त्याच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकलं होतं, त्याने डिक्शनरीसाठी घर.

२८ मे १८४३ ला न्यू हेवनमध्ये तो वारला. स्प्रिंगफील्डच्या जॉर्ज आणि चार्ल्स मेरियम या भावांनी शिल्लक प्रती आणि छापायचे हक्क विकत घेतले. १८४७ मध्ये त्यांनी ६ डॉलरला नवी आवृत्ती काढली आणि ती धडाक्यात खपली. पुढे १८६४ च्या आवृत्तीत त्यांनी वेबस्टरच्या चुकलेल्या व्युत्पत्तीही बदलून घेतल्या. आज आपण जिला मेरियम-वेबस्टर म्हणतो, ती ही डिक्शनरी.

आता मूळ भांडणाकडे येऊ. बरोबर कोण?

वेबस्टरने लोकांसमोर बरंच काही ठेवलं होतं. 'टंग' म्हणजे जीभ, ती 'टी-यू-एन-जी' अशी लिहा. 'सूप' दोन 'ओ' घालून लिहा. 'विमेन'मध्ये 'ओ' नको, 'आय' घाला. लोकांनी यातलं काहीच घेतलं नाही. 'कलर', 'सेंटर' आणि 'म्युझिक' मात्र घेतलं. त्यातही 'म्युझिक' ब्रिटनमध्येसुद्धा 'के'शिवाय रुळलं, तर 'कलर' फक्त अमेरिकेत. म्हणजे डिक्शनरी लिहिणारा नुसतं सुचवू शकतो. शिक्का मारतात ते बोलणारे आणि लिहिणारे. आयुष्य आणि घर पणाला लावूनही वेबस्टरला हा निकाल फिरवता आला नाही.

आपल्याकडे इंग्रजांमुळे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग आलं आणि फोनमधून अमेरिकन आलं. त्यामुळे एकाच बाकावर बसलेले दोन मित्र दोन वेगळी स्पेलिंगं लिहितात आणि चुकत कुणीच नाही.

आणि अमेरिकेत स्क्रॅबल खेळताना भांडण झालं, तर लोक जी अधिकृत डिक्शनरी उघडतात, ती छापते मेरियम-वेबस्टरच. त्यात 'कलर'ची दोन्ही स्पेलिंगं चालतात. फरक एवढाच, की 'यू' घातला तर एक पॉइंट जास्त मिळतो.