नानासाहेबांचा शोध आणि लाखाचे बक्षीस

सत्तावन्नच्या उठावाची नगर जिल्ह्यातील आठवण म्हणजे भागोजी नाईक. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे नगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री भागोजींच्या भिल्लांशी लढताना पडला. पुढे दोन वर्षे सरकारला हुलकावणी देऊन नोव्हेंबर १८५९ मध्ये भागोजी मिठसागरे येथील चकमकीत मारले गेले. (ही दोन्ही गावे आज नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात आहेत, त्या काळी तो मुलूख नगरच्या कारभारात होता.) सरकारी दप्तरातील ते प्रकरण तेथेच मिटले. त्याच्या थोडेच आधी, सप्टेंबरात, नेपाळच्या तराईत नानासाहेब पेशवे तापाने वारल्याची बातमी आली होती. ते प्रकरण मात्र पुढे पस्तीस वर्षे मिटले नाही.

नानासाहेबांचे मूळ नाव धोंडोपंत. कर्जतजवळील वेणगावच्या माधवराव नारायण भट यांचे ते पुत्र. जन्म १८२४ चा. राज्य गमावलेले दुसरे बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास वार्षिक आठ लाखांच्या पेन्शनीवर राहत होते. भट कुटुंब तेथे जाऊन पोहोचले आणि १८२७ मध्ये बाजीरावांनी या मुलास दत्तक घेतले. राज्य नसलेल्या पेशव्याच्या घरी हा मुलगा वाढला. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले. खासगी संपत्ती दत्तकपुत्राला मिळाली. पेन्शन मात्र डलहौसीच्या सरकारने बंद केली. अर्जविनंत्या झाल्या. अजीमुल्लाखान वकिली करण्यासाठी लंडनला गेले व रिकाम्या हाताने परतले.

जून १८५७ मध्ये कानपूरची पलटण उठली आणि नानासाहेब तिचे पुढारी झाले. २७ जून रोजी सतीचौरा घाटावर, शरण येऊन नावेत बसलेल्या इंग्रजांवर गोळीबार झाला. १५ जुलै रोजी बिबीघरात सुमारे दोनशे स्त्रिया व मुले कापली गेली. या दोन कृत्यांची आज्ञा कोणी दिली यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु सत्ता ज्याच्या नावाने चालत होती त्याच्यावर जबाबदारीचा वाटा येणारच. देशाभिमानापोटी तो नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच दिवशी हॅवलॉकने कानपूर घेतले. त्यानंतर गोऱ्या फौजांनी जे सूड उगवले त्यात बिबीघराशी काडीचाही संबंध नसलेली शेकडो माणसे गेली, हेही त्याच पानावर लिहावे लागते.

१८५८ मध्ये नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास एक लाख रुपयांचे इनाम जाहीर झाले. वय, उंची, वर्ण, चेहरेपट्टी यांचे वर्णन गावोगाव पोहोचले. लंडनच्या एका सचित्र पत्रात त्यांचे म्हणून छापलेले चित्र वस्तुतः मेरठच्या एका सावकाराचे होते, असे सांगतात. अयोध्या प्रांतातील प्रतिकार मोडल्यावर १८५९ च्या आरंभी नानासाहेब, त्यांचे बंधू बाळाराव, अजीमुल्लाखान, बेगम हजरत महल आणि हजारो शिपाई नेपाळच्या हद्दीत शिरले. तेथून त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला, पण समेट झाला नाही. तराईच्या हिवतापाने त्यांच्या माणसांची दाणादाण उडविली. देवखुरीच्या खोऱ्यात नानासाहेब वारल्याची बातमी नेपाळ दरबारातून इंग्रज रेसिडेंटाकडे आली. गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी कोणीही प्रेत पाहिले नव्हते.

ही बातमी देणाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा खरा पेच होता. नेपाळचे सर्वाधिकारी जंगबहादूर राणा यांनी इंग्रजांना उठाव मोडण्यास फौजेनिशी मदत केली होती व त्याबद्दल १८६० मध्ये पश्चिम तराईचा मुलूख मिळविला. त्याच जंगबहादूरांनी पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांना आश्रय दिला आणि त्या आश्रयाच्या बदल्यात पेशव्यांची मौल्यवान रत्ने त्यांच्याकडे गेली. नानासाहेब वारले, या बातमीत त्यांची दोन्हीकडची सोय होती. म्हणून ती खोटी ठरत नाही. परंतु कलकत्त्याच्या मनातील शंका गेली नाही, यातही नवल नाही.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकास या प्रकरणातील इनामाचे विशेष वाटते. ज्या काळी मजुरास महिन्याकाठी चार-पाच रुपये मिळणे कठीण, त्या काळी एक लाख! ज्या वस्तूला एवढी किंमत लागते तिचा पुरवठा बाजारात होतोच. कोठे कराचीस, कोठे अजमेरास, एखादा बैरागी किंवा ब्रह्मचारी नानासाहेब म्हणून धरला जाई, कानपुरास आणला जाई आणि ओळख न पटल्याने सुटे. त्या साध्या गोसाव्यांचे किती हाल झाले असतील, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सर्वांत गाजलेले प्रकरण ऑक्टोबर १८७४ चे. ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी स्वतःच एका माणसाला नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या हवाली केले. पेशव्यांच्या सरदाराचा वंशज पेशव्याला पकडून देतो, या बातमीने देशभर खळबळ उडाली. पूर्वी नानासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना बोलावण्यात आले आणि अखेर हा तो नव्हेच, असे ठरले.

लोकांचा शोध निराळ्या दिशेने चालला होता. त्यांना नानासाहेब जिवंत हवे होते. सौराष्ट्रात सिहोर येथे ते साधुवेषात राहिले, असे तेथील लोक सांगत आले. बेलसरे यांनी लिहिलेल्या गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रात ते नैमिषारण्यात राहिल्याची कथा आहे. यांपैकी कशालाही कागदाचा भक्कम आधार नाही. तराईतील मृत्यूची बातमीच अधिक संभाव्य वाटते. सरकारचा नानासाहेब राक्षस होता, लोकांचा साधू झाला, आणि फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न यांनी १८८० मध्ये त्यांना आपल्या कादंबरीत घातले. पस्तिशीच्या आसपासचा, तापाने खंगलेला, घरच्या माणसांनिशी परमुलखात अडकलेला माणूस यांपैकी कोणीच शोधला नाही.

शोध संपला तो कसा, याची एक हकीकत पर्सिव्हल लँडन या इंग्रज लेखकाने दिली आहे. १८९५ च्या सुमारास राजकोटजवळच्या एका लहान ठाण्यावर एका वृद्ध साधूने आपण नानासाहेब असल्याचे सांगितले. तेथील तरुण गोऱ्या अधिकाऱ्याने त्यास अटकेत ठेवले आणि मोठ्या उत्साहाने वर तार केली. उलट तार आली, ती त्या म्हाताऱ्यास ताबडतोब सोडून देण्याची.